आयर्लंडमधली शाळा, मुलींचा स्कर्ट आणि फुटबॉल: पालकांनी बोलावं का?

लिफीकाठची

नमस्कार मंडळी. डब्लिनच्या उत्तर भागात राहते. लेक इथल्या पाचवीत आहे आणि फुटबॉलवेडी आहे. (इथे फुटबॉल म्हटलं की निम्मे लोक गेलिक, म्हणजे चेंडू हातानेही खेळायचा इथला स्वतःचा फुटबॉल, समजतात, म्हणून सांगते, मी सॉकरबद्दल लिहितेय.) शनिवारी क्लबात खेळते, डाव्या बाजूने पळते, पावसाचं तिला काही वाटत नाही.

अडचण शाळेत आहे. मुलींनी राखाडी स्कर्ट किंवा पिनाफोरच घालायचा असा नियम आहे. ट्रॅकसूट फक्त पीटीच्या दिवशी. बाकीच्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलगे यार्डात बॉलमागे पळतात आणि मुली भिंतीशी गप्पा मारत उभ्या. लेक आत शॉर्ट घालून खेळते, पण पडली की गुडघे सोलवटतात, वर "मुलींनी असं पळू नये, असं बसू नये" हेही ऐकावं लागतं. परवा म्हणाली, "आई, मला आता शाळेत नाही खेळायचं." ते ऐकून मी फार अस्वस्थ झाले.

आमच्या शेजारी एक आयरिश आजोबा आहेत. सत्तरी ओलांडलेले, बोहेमियन्स या डब्लिनच्या फुटबॉल क्लबाचे जन्माचे पाठीराखे. लेकीला क्लबाच्या मैदानावर, डॅलिमाउंट पार्कवर, पहिल्यांदा तेच घेऊन गेले. त्यांना हे सांगितलं तर कुंपणापाशी उभे राहून खूप वेळ बोलत राहिले. १९६०च्या दशकात ते ब्रदर लोकांच्या, म्हणजे कॅथलिक धर्मबंधूंच्या शाळेत होते. तिथे हर्लिंग (काठी-चेंडूचा इथला खेळ) आणि गेलिक, बस्स. गल्लीत सॉकर खेळताना कुणी पाहिलं की सोमवारी हातावर चामड्याचा पट्टा. ते म्हणाले, पोरांनी काय खेळावं, काय घालावं, कुणाशेजारी बसावं, असले नियम या देशाने ढिगाने पाहिले आणि त्यातला एकही आपसूक गेला नाही. कुणीतरी सभेत उभं राहून विचारलं तेव्हा गेला. "तू विचार," म्हणाले.

नवरा मात्र म्हणतो, जरा थांब. २०२५च्या उन्हाळ्यात इथे भारतीयांवर हल्ले झाले, दूतावासाने सावध राहायला सांगितलं, फिनिक्स पार्कातला इंडिया डे पुढे ढकलावा लागला. अशा दिवसांत "बाहेरून आलेली बाई आमच्या शाळेचे नियम बदलायला निघाली" असं कुणी म्हणालं तर त्याचा त्रास लेकीला होईल. त्याची काळजी खोटी नाही.

तुम्ही काय केलं असतं? आणि बोलायचंच तर कुणाशी, कसं?

रानजाई

बोला. लेकीने खेळ सोडायच्या आत बोला.

पेठेतला_गडी

ताई, आधी लेकीला शाबासकी! डावखुरी आहे का? डावीकडून पळणारी आणि डाव्या पायाने मारणारी पोरगी म्हणजे कोच लोकांना सोनं.

मी मूळचा कोल्हापूरचा, आता लिमरिकला. मी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वाढलो. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा फुटबॉलचा सामना असला की घरात जेवणं लांबायची. इथे आल्यावर पहिल्यांदा गेलिकचा क्लब बघितला आणि म्हटलं, अरे, ही तर आपली तालीमच! पॅरिश म्हणजे पेठ. बाप ज्या क्लबाचा, पोरगं त्याच क्लबाचं. खेळाडूंना पगार नाही, डब्लिनच्या क्रोक पार्कात ८२ हजार लोकांपुढे ऑल-आयर्लंड फायनल खेळून सोमवारी शाळेत शिकवायला किंवा शेतावर हजर. क्लबाचं गवत कापायला, चहा करायला, पोरांना ने-आण करायला गावच राबतं. हे सगळं मला फार आवडतं.

पण पेठेत जसं बाहेरच्याला आत शिरायला वेळ लागतो तसंच इथं पण आहे. आत शिरायचा रस्ता एकच, कामाला हात लावायचा. मी क्लबात पोरांच्या सामन्यांना लाइनवर झेंडा घेऊन उभा राहायला लागलो. मग सहा महिन्यांत लोक नावानं हाका मारायला लागले. तुमचा प्रश्न शाळेचा आहे, पण हीच युक्ती तिथंही चालंल. पालक संघात आधी कामाला लागा, मग बोला. ऐकतात.

अनामिका_के

मी थोडं वेगळं बोलते, राग नसावा. देश तसा वेश. शाळेत प्रवेश घेताना नियमांच्या कागदावर सही केली होती ना? गणवेशाचा फायदा असतो. सकाळी काय घालू म्हणून भांडण नाही, कुणाचे बूट महाग, कुणाचे स्वस्त हे दिसत नाही. एका पालकाला स्कर्ट नको, दुसऱ्याला टाय नको, तिसऱ्याला जंपर टोचतो. शिक्षकांनी शिकवायचं कधी? माझ्या दोन्ही मुली स्कर्ट घालूनच शिकल्या आणि हॉकीही खेळल्या.

कॉर्ककर

अनामिकाताई, देश तसा वेश म्हणता, पण देशानेच वेश बदललाय की! :)

कॅमोगीचं प्रकरण ऐकलं नसेल तर सांगतो, कारण लिफीकाठचींच्या प्रश्नाला याहून जवळचं उदाहरण नाही. कॅमोगी म्हणजे मुलींचं हर्लिंग. हातात अ‍ॅश झाडाच्या लाकडाची काठी, म्हणजे हर्ली, चेंडू दगडासारखा, धक्काबुक्की भरपूर. आणि नियम असा होता की खेळताना स्कर्ट किंवा स्कॉर्टच घालायचा, म्हणजे समोरून स्कर्ट दिसणारी चड्डी. सरावाला सगळ्या जणी शॉर्ट घालायच्या, सामन्याला मात्र स्कॉर्ट. पाळीच्या दिवसांत भीती, वाऱ्यात भीती, मैदानाच्या कडेला फोटोवाले बसलेले. खेळाडू वर्षानुवर्षं सांगत होत्या. २०२४च्या अधिवेशनात बदलाचा ठराव आला, तो पडला.

मग ३ मे २०२५ला लेन्स्टर प्रांताच्या उपांत्य सामन्यात डब्लिन आणि किल्केनी, दोन्ही संघ शॉर्ट घालूनच मैदानात उतरले. पंचांनी सांगितलं, बदला, नाहीतर सामना होणार नाही. मुली आत गेल्या, बदलून आल्या, खेळल्या. पण ते दृश्य देशभर पोचलं. त्यानंतर आमचा कॉर्क-वॉटरफर्डचा मन्स्टर प्रांताचा अंतिम सामना पुढे ढकलावा लागला. २२ मेला खास अधिवेशन बोलावलं आणि ९८ टक्के मतांनी ठराव मंजूर झाला: स्कॉर्ट किंवा शॉर्ट, जिची जी निवड. जो ठराव आदल्या वर्षी पडला होता, तो.

माझी भाची त्यानंतर सामन्याला गेली तेव्हा सगळ्या लहान मुली शॉर्टमध्ये आणि कुणाचं लक्षही नव्हतं. लिफीकाठची, शाळेला पत्र लिहिलंत तर त्यात हे उदाहरण नक्की घाला. बाहेरून आणलेली मागणी नाही ही, इथल्याच मुलींनी मांडलेली आहे.

अनामिका_के

कॅमोगीचं मला ठाऊक आहे, माझ्या ऑफिसातही चर्चा झाली होती. ते खेळाचे कपडे, हे शाळेचे. दोन्हींत फरक आहे.

रानजाई

मधली सुट्टी हा खेळच आहे. दहा वर्षांच्या मुलीसाठी तोच दिवसातला मोठा सामना.

जुनी_पाटी

शेजारच्या आजोबांचं बोलणं वाचून राहवलं नाही. त्यांच्या हातावर जो पट्टा बसला त्यामागे एक मोठा इतिहास आहे, थोडा लांब प्रतिसाद होतोय.

गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, १ नोव्हेंबर १८८४ला थर्ल्स गावातल्या हेज हॉटेलात स्थापन झाली. ब्रिटिश सत्तेखाली आपले खेळ मरू नयेत ही इच्छा. ती इच्छा समजण्यासारखी आहे, आपल्याला तर जास्तच. पण पुढे तिचं कुंपण झालं. नियम २७, ज्याला लोक नुसतं 'द बॅन' म्हणत. जीएएच्या सभासदाने सॉकर, रग्बी, क्रिकेट, हॉकी हे खेळ खेळायचे नाहीत, इतकंच काय, बघायलाही जायचं नाही. कोण गेलं हे बघायला माणसं नेमलेली असत. गावातला उत्तम हर्लिंगपटू चोरून सॉकरचा सामना बघायला जायचा, टोपी डोळ्यांवर ओढून.

याचं टोक म्हणजे १९३८. डग्लस हाइड हे आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष. आयरिश भाषा जगावी म्हणून ज्या माणसाने उभं आयुष्य घातलं, तोच. राष्ट्राध्यक्ष म्हणून ते आयर्लंड-पोलंड फुटबॉल सामन्याला गेले, तोही आजोबांच्या डॅलिमाउंट पार्कवर. जीएएने त्यांना आश्रयदातेपदावरून काढून टाकलं. देशाच्या भाषेचा एवढा मोठा पाठीराखा, आणि नियमाला तो चालला नाही.

बंदी उठली १९७१मध्ये, बेलफास्टच्या अधिवेशनात. ती उठावी म्हणून सभासद कित्येक वर्षं ठराव मांडत होते आणि हरत होते. पुन्हा मांडत होते. शेवटी क्लब-क्लबात, काउंटी-काउंटीत मतं घेतली गेली आणि पारडं फिरलं. शाळांतला पट्टा त्यानंतरही राहिला, शाळेत मारण्यावर बंदी आली १९८२मध्ये.

क्रोक पार्कचं दार इतर खेळांना उघडायला २००५ उजाडलं. त्या मैदानावर २१ नोव्हेंबर १९२०ला ब्रिटिश दलांनी गोळीबार केला होता, १४ माणसं गेली, त्यात टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन. होगन स्टँड त्याच्याच नावाचा. तिथे २४ फेब्रुवारी २००७ला इंग्लंडचा रग्बी संघ आला. इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजणार म्हणून देशभर धाकधूक. ८२ हजार लोकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, कुणी हूं केलं नाही. मग आयर्लंडने ४३-१३ने हरवलं. मला हा सामना नियम बदलल्याचं सगळ्यात सुंदर फळ वाटतो.

पेठेतला_गडी

जुनी_पाटी, अंगावर काटा आला राव. नाद खुळा प्रतिसाद.

क्रिकेटवेडा_नाशिक

अवांतर: त्या बंदीत क्रिकेटही होतं हे आज कळलं. तरी आयर्लंडने २००७च्या विश्वचषकात सेंट पॅट्रिक डेलाच पाकिस्तानला घरी पाठवलं आणि २०११ला बंगळुरूत केव्हिन ओब्रायनने इंग्लंडला धुतलं. बंदी नसती तर काय केलं असतं या लोकांनी!

सिंधुदुर्गकर

अवांतर २: आयर्लंड म्हटलं की आमच्या मालवणाकडे एकच विषय. लिओ वराडकरांचे वडील मुंबईहून गेलेले, मूळ गाव वराड. २०१९च्या डिसेंबरात लिओ आयर्लंडचे पंतप्रधान असताना गावात आले तेव्हा काय ती गर्दी. आमच्या आत्येचं म्हणणं, "आपलो झिल इलो." लिफीकाठची, तिथे पंतप्रधानपदापर्यंत मराठी आडनाव पोचलंय, तुम्ही शाळेच्या सभेपर्यंत पोचायला हरकत नाही!

अभय_गॉलवे

सिंधुदुर्गकर, भावना पोचली. :) पण वराडकर डब्लिनमध्ये जन्मले, तिथेच वाढले. त्यांच्या उदाहरणाने नुकत्या आलेल्या आईची धास्ती जात नाही. ती धास्ती खरी आहे. गेल्या वर्षी बसथांब्यावर पोरांच्या टोळक्याने मला शिव्या देऊन बाटली मारली. लागली नाही, पण नंतर बरेच दिवस मी संध्याकाळची बस टाळत होतो. ज्या बाईंनी त्या पोरांना दटावून पळवलं आणि माझ्याबरोबर बस येईपर्यंत उभ्या राहिल्या, त्या इथल्याच, साठीच्या. दोन्ही गोष्टी एकाच थांब्यावर घडल्या.

लिफीकाठचींच्या नवऱ्याला माझं सांगणं एवढंच, गप्प राहिल्याने ती बाटली चुकत नाही. मी कुठल्या सभेत कधी बोललो नव्हतो, तरी आली.

मीरा_डेरी

"नवख्यांनी नियमांबद्दल बोलू नये" या विचाराला मला उत्तर द्यायचंय. बेळगावची सविता हलप्पनवार २०१२मध्ये गॉलवेत गेली. गर्भ वाचणार नव्हता, तरी कायद्याच्या भीतीने गर्भपात वेळेवर झाला नाही. तिच्या नवऱ्याने बोलायचं ठरवलं, तिच्या आईवडिलांनी बेळगावातून बोलायचं ठरवलं. हजारो लोक तिचा फोटो घेऊन रस्त्यावर आले. २५ मे २०१८च्या सार्वमतात ६६ टक्के लोकांनी गर्भपाताला आडवी येणारी ती घटनादुरुस्ती रद्द केली. डब्लिनमधल्या तिच्या चित्रापाशी लोकांनी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, मी स्वतः वाचल्या आहेत. बहुतेकींत तिची क्षमा मागितलेली होती.

शाळेचा स्कर्ट आणि हे एका मापाचं नाही, मला ठाऊक आहे. पण बाहेरून आलेल्यांचं म्हणणं हा देश ऐकतच नाही, असं कुणी म्हणू नये.

अनामिका_के

मीरा, सविताचं नाव वाचून गप्प झाले. तेव्हा मी स्वतः मेणबत्ती घेऊन उभी होते. बाहेरच्याने बोलूच नये असं माझं म्हणणं नाही. माझा मुद्दा शाळेपुरता आहे: पहिल्याच भेटीत मागणी नको, शिक्षिकेशी आधी साधं बोलणं व्हावं. बऱ्याच गोष्टी तिथेच सुटतात.

टाळ्या_आणि_शिट्ट्या

मला इथल्या फुटबॉलबद्दल बोलायचंय, कारण लेकीला हे सांगायला हवं. आयर्लंडच्या महिला संघाच्या खेळाडू एप्रिल २०१७मध्ये डब्लिनच्या लिबर्टी हॉलमध्ये पत्रकारांसमोर बसल्या आणि सांगितलं की आम्हाला विमानतळाच्या स्वच्छतागृहात ट्रॅकसूट बदलावे लागतात, कारण तेच ट्रॅकसूट दुसऱ्या संघांनाही वापरायचे असतात. राष्ट्रीय संघाच्या खेळाडू! बोलायला किती जड गेलं असेल. करार झाला. २०२१मध्ये पुरुष आणि महिला संघांना सामन्यामागे सारखं मानधन ठरलं. २०२३ला संघ पहिल्यांदा विश्वचषकात गेला आणि पर्थला कॅनडाविरुद्ध केटी मकेबने थेट कॉर्नरवरून गोल मारला. चेंडू कुणालाही न लागता आत. सामना २-१ने हरलो, पण तो गोल मी अजून बघते.

केटी मकेबही डाव्या पायाची, डावीकडचीच. लेकीला तो गोल दाखवा.

लिफीकाठची

दाखवला! लगेच मागच्या अंगणात कॉर्नर मारत बसली. आजोबांच्या गुलाबांना दोन चेंडू लागले, ते म्हणाले, चालू दे.

सगळ्यांचे आभार. अभय, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की पत्रावर दोघांची सही असू दे. अनामिकाताई, तुमचंही पटलं. वर्गशिक्षिकेशी बोलले. त्या फार चांगल्या आहेत, म्हणाल्या, "माझ्या हातात असतं तर उद्याच बदललं असतं, पण हे मंडळाचं काम." तर हे मंडळ काय असतं आणि तिथे कसं जायचं, कुणी सांगेल का?

शिक्षिका_वॉटरफर्ड

सांगते. मी इथल्या प्राथमिक शाळेत शिकवते.

शाळा चालवतं ते व्यवस्थापन मंडळ. साधारण आठ जण असतात: शाळेच्या आश्रयदात्याचे दोन (बहुतेक शाळांत आश्रयदाता म्हणजे तिथले बिशप), मुख्याध्यापक, एक शिक्षक, पालकांनी निवडलेले दोन, आणि समाजातले दोन. गणवेश शिक्षण खातं ठरवत नाही, हे मंडळ ठरवतं. खात्याने २०१७मध्ये परिपत्रक काढून शाळांना सांगितलंय की गणवेशाबाबत पालकांचं मत घ्या, साध्या दुकानात मिळणारे कपडे चालू द्या, बिल्ला वेगळा शिवता येईल असा ठेवा. ते मुख्यतः खर्चासाठी होतं, पण पालकांना विचारायचं हे त्यात स्पष्ट आहे. तुमच्या पत्राला तोच आधार घ्या.

क्रम असा ठेवा. आधी पालक संघात विषय काढा. तुमच्यासारख्या आणखी आया निघतील, मला खात्री आहे. मग पालक संघाच्या नावाने मंडळाला पत्र. मागणी छोटी ठेवा: "मुलींना स्कर्टबरोबर राखाडी पँटचाही पर्याय असावा." स्कर्ट काढा असं म्हणू नका, ज्या मुलींना आवडतो त्यांनी घालावा. राखाडी पँट मुलग्यांच्या गणवेशात आहेच, म्हणजे दुकानही तेच, पैसेही तेवढेच. दुसरी मागणी हवी तर रोज ट्रॅकसूट. कोविडच्या काळात पुष्कळ शाळांनी तो चालवला आणि नंतर तसाच ठेवला, कारण मुलं खरंच जास्त पळतात.

मंडळाने नाहीच ऐकलं तर मुलांसाठीचे लोकपाल शाळांच्या तक्रारी घेतात, समान वागणुकीचा कायदाही आहे. पण पहिल्या पत्रात कायद्याचं नाव नको. शिक्षक म्हणून सांगते, कायद्याचं नाव वाचलं की मंडळ वकिलाला फोन करतं आणि मग वर्षभर काही हलत नाही.

हिरवी_चाफेकळी

शिक्षिकाताई, बिशपांचा उल्लेख केलात म्हणून विचारते. आम्ही हिंदू, मुलगा दुसरीत. वर्गात फर्स्ट कम्युनियनची (कॅथलिक मुलांच्या मोठ्या धर्मविधीची) तयारी सुरू झाली की तो मागच्या बाकावर चित्रं काढत बसतो. कुणी वाईट वागत नाही. पण वसंतात सगळ्या वर्गाचं बोलणं त्या एका दिवसाबद्दल, पांढरे कपडे, पाहुण्यांकडून पैसे, आणि तो बाजूला. घरी येऊन विचारतो, मला का नाही?

शिक्षिका_वॉटरफर्ड

मनाला लागतं ते माझ्याही. इथल्या दहातल्या जवळजवळ नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक आश्रयाच्या आहेत, त्यामुळे निवड फार नसते. २०१८पर्यंत तर जागा कमी असतील तर बाप्तिस्मा झालेल्या मुलांना आधी प्रवेश देता यायचा, तो नियम कॅथलिक शाळांपुरता गेला. धर्माच्या तासाला न बसण्याचा हक्क आहे, पण मुलाने त्या वेळात काय करावं हे शाळेवर सोडलेलं असतं. मी माझ्या वर्गात अशा मुलांना वाचनालयातलं काम देते, पुस्तकांची यादी, नकाशे. तुम्ही शिक्षिकेला आधीच भेटून काय काम देता येईल ते ठरवा. आणि त्या आठवड्यात घरी त्याच्यासाठी काहीतरी मोठं ठेवा. जवळपास एज्युकेट टुगेदरची शाळा असेल तर तिथे नावही घालून ठेवा, तिथे कम्युनियनची तयारी शाळेच्या वेळात होत नाही.

पेठेतला_गडी

चाफेकळीताई, आमच्याकडे पोराची मुंज त्याच मे महिन्यात केली लिमरिकमध्ये. वर्गातली अख्खी टीम जेवायला. आता त्याचे आयरिश मित्र विचारतात, आम्हाला पण मुंज करता येते का! :)

टाळ्या_आणि_शिट्ट्या

फुटबॉलकडे परत येऊ का? नोव्हेंबर २०२५चा विश्वचषक पात्रतेचा तो आठवडा कुणी बघितला? गुरुवारी पोर्तुगालवर २-० आणि रोनाल्डो बाहेर, रविवारी बुडापेस्टला ट्रॉय पॅरटने तिसरा गोल मारला तो भरपाईच्या वेळेत. मी स्वयंपाकघरात ओरडले तर खालच्या मजल्यावरची बाई वर आली, मला वाटलं भांडायला. मिठी मारायला आली होती.

कॉर्ककर

आमच्या ऑफिसात त्या सोमवारी कामाचं नाव नव्हतं. जुने लोक म्हणत होते, इटली '९० विश्वचषकानंतर असं वाटलं नव्हतं. जेनोआला पॅकी बॉनरने पेनल्टी अडवली आणि डेव्हिड ओलियरीने शेवटची मारली, ते आजही जसंच्या तसं सांगतात.

क्रिकेटवेडा_नाशिक

आणि २००९ला फ्रान्सच्या थिएरी हेन्रीचा चेंडूला लागलेला हात, ज्याने आयर्लंडचा विश्वचषक हुकला?

कॉर्ककर

त्याचं नाव घेऊ नका, धागा बंद पडेल. :)

अभय_गॉलवे

याच विषयात मला एक गोष्ट सांगाविशी वाटते. '९०च्या त्या संघाचा कणा होता पॉल मॅग्रा. आई आयरिश, वडील नायजेरियन, बालपण डब्लिनच्या अनाथाश्रमांत. कृष्णवर्णीय म्हणून त्याने काय सोसलं हे त्याने स्वतः सांगितलंय, आणि त्याच्याच नावाचा गजर अख्खं स्टेडियम करायचं. त्याआधी १९७९मध्ये ख्रिस ह्यूटन, आयर्लंडकडून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय. आता चिडोझी ओग्बेने, लागोसला जन्मलेला, लहानपणी कॉर्कला आला, नीमो रेंजर्सकडून गेलिक खेळला आणि मग सॉकरमध्ये देशाकडून. बंदीच्या काळात हा मुलगा एकाच खेळाचा राहिला असता. बोहेमियन्सने २०२०मध्ये जर्सीवर 'निर्वासितांचं स्वागत' छापलं होतं. लिफीकाठची, तुमचे आजोबा ती घालत असतील.

टाळ्या वाजवणाऱ्यांतलाच कुणी उद्या बसथांब्यावर शिवी देतो, हेही मी बघितलंय. म्हणून मला नुसत्या गोलांवर भरवसा नाही. शाळेच्या यार्डावर जास्त आहे. दहा वर्षांची मुलं एकत्र खेळली तर पंधराव्या वर्षी टोळकं करून बाटल्या मारायची शक्यता कमी, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या लेकीला यार्डात पळता येणं हे सगळ्यांच्याच कामाचं आहे.

लिफीकाठची

अभय, आजोबांकडे ती जर्सी आहे! स्वेटरवरून घालतात.

ताजी खबर. पालक संघाच्या बैठकीला गेले. मी बोलायला उभी राहिले तेव्हा आवाज कापत होता, कागद हातात होता तरी. कॅमोगीचं सांगितलं, राखाडी पँटचं सांगितलं, लेक म्हणाली ते वाक्य सांगितलं. एक वडील म्हणाले, परंपरा आहे, कशाला हलवायची. त्यावर मागून एक आई उठली, आयरिश, स्वतः कॅमोगी खेळलेली. म्हणाली, "मी बावीस वर्षांची होईपर्यंत स्कॉर्टमध्ये खेळले, मला माझ्या मुलीसाठी ते नकोय." मग एक पोलिश आई, एक नायजेरियन आई, आणि ज्यांच्याकडून मी अपेक्षाच केली नव्हती त्या पालक संघाच्या खजिनदार आजी. हात वर करून मत घेतलं, पत्र पाठवायचं ठरलं. मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे. विषयपत्रिकेवर आलाय.

पत्राचा मसुदा त्या कॅमोगीवाल्या आईने आणि मी मिळून केलाय. शिक्षिकाताई, तुम्हाला निरोपात पाठवू का? एकदा नजर टाकाल?

शिक्षिका_वॉटरफर्ड

नक्की पाठवा. रविवारपर्यंत वाचून कळवते. पालकांच्या सह्यांबरोबर मुलींच्या चित्रांचं एखादं पान जोडता आलं तर बघा, मंडळावरचे लोक ते आधी वाचतात.

अनामिका_के

अभिनंदन. माझ्या मुलींच्या जुन्या शाळेत विचारलं, तिथे पँटचा पर्याय आता आहे. कधी आला ते त्यांच्या कचेरीतून काढून देते, तुमच्या पत्राला जोडता येईल.

लिफीकाठची

ताई, फार मदत होईल.

हिरवी_चाफेकळी

याच्याशी लागूनच एक प्रश्न. माध्यमिक शाळांत मुलग्यांना लांब केस चालतात का? माझ्या भाच्याने वाढवलेत, मानेच्या खाली येतात, आणि नव्या शाळेच्या नियमांत कॉलरच्या वर हवेत असं लिहिलंय. मुलींना तसा काही नियम नाही. वेगळा धागा काढू?

शिक्षिका_वॉटरफर्ड

काढा. त्यावर मला बरंच बोलायचंय.